क्रूझवर टिप कुणाला, किती, कधी? आणि बोटीवरच्या रोजच्या गोष्टी

निळीवाट

नमस्कार मंडळी. सात रात्रींची क्रूझ बुक केली आहे, दोन केबिन. एकीत आम्ही दोघे आणि नऊ वर्षांचा मुलगा, दुसरीत सासूसासरे. बुकिंगच्या कागदावर भाड्याखाली बारीक अक्षरांत 'डेली ग्रॅच्युइटी' म्हणून माणशी रोजची रक्कम वेगळी दाखवली आहे. ती भरली की टिपेचा विषय संपतो, की वर पुन्हा रोख द्यावी लागते? आधी भरावी की बोटीवर? मुलाचीही पूर्ण धरतात का? काही जण सांगतात की ती रद्द करून घ्या आणि थेट केबिन साफ करणाऱ्याच्या हातात पैसे द्या. ते कितपत बरोबर? शिवाय बोटीवरच्या खर्चाला क्रेडिट कार्ड न्यावे की प्रीपेड फॉरेक्स कार्ड, हेही सांगा.

डेक_नऊ

आधी आकडा मांडून घ्या. मोठ्या अमेरिकी कंपन्यांचा साध्या केबिनचा दर माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर असतो, स्वीटला त्याहून दोन ते पाच डॉलर जास्त. मधला १८ धरला तर ५ जण, ७ दिवस, म्हणजे ६३० डॉलर. जाहिरातीतल्या भाड्यात ही रक्कम नसते. त्यामुळे दोन बोटींची तुलना करताना भाडे, बंदरशुल्क आणि ग्रॅच्युइटी असे तिन्ही मिळवूनच करा. सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजंट अशा महागड्या कंपन्या टिप भाड्यातच धरतात, आणि ब्रिटनच्या पी अँड ओने २०१९ पासून रोजची टिप आकारणे बंद केले आहे. एरवी ती वेगळी द्यावी लागते असेच समजून चाला.

दर माणशी असतो, केबिनमागे नाही. एका केबिनमध्ये तिघे असाल तर तीनदा लागेल. नऊ वर्षांच्या मुलाचे बहुतेक कंपन्या मोठ्या माणसाइतकेच धरतात, सूट असते ती दोन-तीन वर्षांखालच्या बाळांना. काही कंपन्या मुलांना कमी दर लावतात, तो तुमच्या बुकिंगच्या कागदावर दिसेल.

पैसे जातात कुठे? केबिन अटेंडंट, मुख्य जेवणघरातले वेटर, त्यांचे असिस्टंट आणि हेड वेटर यांच्याकडे. शिवाय प्रवाशांना कधी न दिसणारी मंडळी असतात: भांडी घासणारे, लाँड्रीतले, रात्री तीनला जिने पुसणारे. कॅप्टन, अधिकारी, डॉक्टर यांना टिप द्यायची नसते, देऊ केली तर त्यांनाच अवघड होते.

रद्द करण्याबद्दल स्पष्ट सांगतो: करू नका. बऱ्याच कंपन्यांत गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन ती कमी किंवा बंद करता येते हे खरे. पण ज्याला तुम्ही हातात वीस डॉलर द्याल तो तुम्हाला दिसलेला माणूस, तुमचे टॉवेल धुणारा त्यातून पूर्ण वगळला जातो. काही कंपन्यांचा तर नियमच असा की प्रवाशाने ग्रॅच्युइटी काढून टाकली असेल तर त्याच्याकडून मिळालेली रोख कर्मचाऱ्याने सामायिक वाटपात जमा करायची. म्हणजे ज्याच्यासाठी खटाटोप केला त्यालाही ती मिळत नाही.

या लोकांचे काम कसे असते तेही लक्षात घ्या. करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा असतो, त्यात आठवड्याची सुट्टी धरलेली नसते. २० ऑगस्ट २०१३ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात विश्रांतीची किमान मर्यादा आहे ती अशी: २४ तासांत १० तास, सात दिवसांत ७७ तास. ते १० तास फार तर दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा. यावरून उरलेल्या वेळाचा अंदाज येईल. कंपनीने मूळ पगारच नीट द्यावा हे म्हणणे शंभर टक्के रास्त आहे, पण ते कंपनीला लिहून कळवा, वेटरच्या वाट्याला कात्री लावू नका.

सेवेत खरोखर खोट निघाली तर शेवटच्या दिवसाची वाट न पाहता पहिल्या-दुसऱ्या दिवशीच काउंटरवर सांगा. केबिन बदलणे, माणूस बदलणे हे तेव्हाच शक्य असते.

आधी भरावी का? हो. निघण्यापूर्वी दर वाढला तरी आधी भरलेल्याला सहसा जुनाच दर राहतो, आणि शेवटच्या दिवसाचे बिल हलके होते. मात्र बोटीवर चढल्यावर खात्यात ती पुन्हा लागलेली नाही ना, हे दुसऱ्या दिवशी ॲपमध्ये पाहून घ्या.

बंदरखूण

वरचे सगळे मान्य. एक भर: रोजच्या ग्रॅच्युइटीने *सगळे* झाकले जात नाही, आणि गोंधळ होतो तो इथेच.

बारमध्ये मागवलेल्या प्रत्येक पेयावर १८ ते २० टक्के आपोआप लागतात. कॉफी शॉपमधल्या कॉफीवर आणि मुलाच्या मॉकटेलवरही. पेयांचे पॅकेज घेतले तर ही टक्केवारी पॅकेजच्या किमतीवर एकदाच लागते, मग प्रत्येक ग्लासमागे काही नाही. स्पामध्येही बहुतेकदा ती बिलात असते. तरीही सहीच्या पावतीवर 'ॲडिशनल टिप' अशी रिकामी ओळ असते, आणि घाईत लोक तिथे पुन्हा रक्कम लिहितात. आधी वरची ओळ वाचा, सेवाशुल्क धरलेले असेल तर खाली आडवी रेघ मारा आणि एकूण रक्कम स्वतःच्या हाताने लिहा. वेगळे पैसे घेणाऱ्या स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये दोन्ही पद्धती आढळतात, टिप आत किंवा वर. टेबल राखतानाच विचारा.

रोख कुठे लागते ते सांगते. रूम सर्व्हिसने ट्रे आणला तर दोन ते पाच डॉलर. बंदरावर मोठ्या बॅगा उचलून घेणारे हमाल बोटीचे कर्मचारी नसतात, त्यांना अमेरिकी बंदरांत बॅगेमागे एक-दोन डॉलर देण्याची रीत आहे. किनाऱ्यावरच्या सहलीचा गाइड आणि बसचालक हेही ग्रॅच्युइटीच्या बाहेर: पूर्ण दिवसाला गाइडला माणशी पाचेक डॉलर, चालकाला दोन. ज्या देशात टिपेची रीत नाही, उदाहरणार्थ जपान, तिथे देऊ नका. स्वीट घेतली असेल तर बटलर वाटपात आहे का ते विचारा, सगळीकडे नसतो.

केबिन अटेंडंटला वरून काही द्यायचे तर तो तुमच्या खुशीचा भाग. आठवड्याला केबिनमागे वीस डॉलर ही चांगली रक्कम. जास्त काम पडणार असेल, म्हणजे तिसरा पलंग रोज उघडणे-मिटणे, सासूसासऱ्यांसाठी जादा उशा, बर्फ, तर निम्मे पहिल्या दिवशी आणि निम्मे शेवटच्या संध्याकाळी द्या. एक, पाच आणि दहाच्या नोटा घरूनच न्या. शेवटच्या रात्री काउंटरवर सुटे मिळवायला मोठी रांग लागते. परक्या चलनाची नाणी देऊ नका, ती बदलून मिळत नाहीत.

आणि एक गोष्ट फुकट आहे, पण तिचे मोल मोठे. प्रवास संपल्यावर येणाऱ्या सर्व्हेमध्ये त्या माणसाचे नाव आणि हुद्दा स्पष्ट लिहा. नाव बिल्ल्यावर असते, फोटो काढून ठेवा. पुढचा करार आणि बढती ठरवताना या नोंदी पाहिल्या जातात.

कार्डाबद्दल: क्रेडिट कार्ड. बोटीवर सगळा व्यवहार केबिनच्या कार्डावर चालतो आणि मागे जोडलेल्या बँक कार्डावर कंपनी रोज अंदाजे रक्कम रोखून ठेवते. क्रेडिट कार्डावर त्याने फक्त मर्यादा कमी होते. डेबिट किंवा प्रीपेड फॉरेक्स कार्डावर मात्र तुमचे खरे पैसे अडकतात, आणि प्रवास संपल्यावर सुटायला कधी आठवडा-दहा दिवस लागतात. तोवर किनाऱ्यावर तेच कार्ड वापरायला गेलात की 'शिल्लक अपुरी'. फॉरेक्स कार्ड किनाऱ्यावरच्या खरेदीपुरते ठेवा. आणखी एक: काही कंपन्या बिल परस्पर तुमच्या कार्डाच्या चलनात बदलून आकारतात, दर त्यांचा आणि महाग. पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन 'बोटीच्या चलनातच आकारा' असे लिहून द्या.

निळीवाट

खूप आभार, डोक्यातला गुंता सुटला. आता दुसरी काळजी. सासूबाईंना गाडी लागते, सासऱ्यांचा गुडघा दुखतो, आणि दोघेही पूर्ण शाकाहारी. केबिन अजून निवडलेली नाही. काय पाहावे?

कंदील

केबिन मधल्या भागात आणि खालच्या डेकवर घ्या. बोट नाकाडापासून शेपटीपर्यंत वरखाली होते तेव्हा टोकांना सर्वांत जास्त हेलकावा बसतो, मध्याला सर्वांत कमी. उंच डेकवर डावे-उजवे डोलणे वाढते. म्हणून वरच्या मजल्यावरची पुढच्या टोकाची बाल्कनी त्यांच्यासाठी चुकीची, मग ती कितीही देखणी असो. गुडघ्यासाठी लिफ्टपासून चार-सहा दारांवरची केबिन पाहा, पण लिफ्टला अगदी चिकटून नको, रात्रभर आवाज येतो. डेक प्लॅन उघडून वर आणि खाली काय आहे तेही बघा: दोन्हीकडे केबिनच असतील तर शांत. वर बफे असेल तर पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचे आवाज.

बोट लागण्यावर मेक्लिझिनसारखी गोळी मळमळ सुरू होण्यापूर्वी घेतली तरच उपयोगी, साधारण तासभर आधी. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा आधीची औषधे असतील तर डॉक्टरांना विचारूनच. पोट रिकामे ठेवू नये, आले चघळावे, आणि मळमळ वाटली तर केबिनमध्ये पडून न राहता उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावे. अंगाला जाणवणारी हालचाल डोळ्यांनाही दिसली की मेंदूचा गोंधळ कमी होतो.

गुडघ्यासाठी आणखी एक गोष्ट नक्की तपासा: वेळापत्रकात एखाद्या बंदरापुढे 'टेंडर' लिहिले आहे का. म्हणजे तिथे बोट धक्क्याला लागत नाही, छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या फळीवरून होडीत पाऊल टाकावे लागते. समुद्र खवळलेला असेल तर ते बंदर रद्दही होते.

शाकाहाराची नोंद बुकिंगमध्येच करा, आणि तरीही पहिल्या संध्याकाळी हेड वेटरशी बोला. मेनूवरचे पानाचे चिन्ह पुरेसे नाही. सूप कोंबडीच्या पाण्यात शिजलेले असू शकते, पुडिंगमध्ये जिलेटिन असू शकते, चीजमध्ये प्राणिज रेनेट. काय चालत नाही ते पदार्थागणिक सांगा. उद्याचा मेनू आज रात्री दाखवायला सांगा आणि त्यातूनच ठरवून द्या, स्वयंपाकघराला वेळ मिळतो आणि ताट वेगळे बनते. यासाठी ठरलेल्या वेळेची बैठक घ्या, म्हणजे रोज तेच टेबल आणि तेच वेटर. बहुधा संध्याकाळी साडेपाच-सहाची किंवा आठ-साडेआठची असते. 'केव्हाही या' पद्धतीत रोज नवा माणूस आणि रोज नव्याने समजावणे.

दवाखाना बोटीवर असतो, पण फुकट नसतो. तपासणी, सलाइन, औषधे सगळे खात्यावर चढते आणि रक्कम मोठी होते. विम्याचे पैसे नंतर मागायचे असतात, तेव्हा सविस्तर बिल आणि निदानाचा कागद उतरण्यापूर्वी घ्या. नेहमीच्या गोळ्या दोन-तीन दिवस जास्तीच्या आणि हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोहोचायला पहिल्या दिवशी संध्याकाळ होते.

जेवणापूर्वी साबणाने हात धुणे सर्वांनीच पाळा. बफेच्या दारातले सॅनिटायझर नोरोव्हायरसवर भरवशाचे नाही. उलट्या-जुलाबाची ही साथ बोटीवर झपाट्याने पसरते, आणि आजारी पडलेल्याला केबिनमध्ये वेगळे राहावे लागते.

बंदरखूण

कंदील यांनी छान लिहिले आहे. राहिलेले भराभर.

मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचे याचा सराव, टाळता येत नाही. कोस्टा काँकॉर्डिया जानेवारी २०१२ मध्ये बुडाली, त्यानंतर नियम कडक झाले. १ जानेवारी २०१५ पासून नव्या प्रवाशांचा सराव बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच व्हावा लागतो. आता बहुतेक ठिकाणी ॲपवर चित्रफीत पाहून आपल्या मस्टर स्टेशनवर कार्ड दाखवून यायचे. सासूसासऱ्यांनी स्वतः तिथवर चालून जाणे गरजेचे, तुम्ही त्यांची कार्डे नेऊन चालत नाही. सात लहान आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणी, हे मुलालाही शिकवा.

इस्त्री, किटली, मेणबत्ती, सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड तपासणीत काढून घेतात. काही कंपन्या साधा एक्स्टेन्शन बोर्डही चालवत नाहीत. यूएसबी चार्जर न्या. भिंती पोलादी असतात, चार-सहा चुंबकी हुक नेलेत तर ओले कपडे, टोप्या, पिशव्या अडकवायची सोय होते.

समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर. बोटीचे सॅटेलाइट नेटवर्क नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाही आणि काही मिनिटांत मोठे बिल येते.

डेक_नऊ

वेळेबद्दल एक राहिले. बोटीची वेळ आणि बंदरातली स्थानिक वेळ वेगळी असू शकते, आणि फोन आपोआप स्थानिक वेळ धरतो. साधे मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेला लावून ठेवा. 'ऑल अबोर्ड', म्हणजे सगळ्यांनी बोटीवर परतायची शेवटची वेळ, ही सुटण्याआधी अर्धा ते एक तास असते. बोटीमार्फत घेतलेल्या सहलीची बस अडकली तर बोट थांबते किंवा पुढच्या बंदरी पोहोचवायची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः ठरवलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही, पुढचा खर्च तुमचा.

शेवटच्या रात्री टॅग लावलेल्या बॅगा दहा-अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या. सकाळचे कपडे, चपला, औषधे, पासपोर्ट बाहेर काढल्याशिवाय बॅग देऊ नका, ती थेट बंदरावरच मिळते. सासऱ्यांसाठी व्हीलचेअरची मदत हवी असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत नाव नोंदवा. त्याच दुपारी दोन्ही केबिनची खाती ॲपमध्ये ओळ न् ओळ तपासा: न परत केलेला पूल टॉवेल, मिनीबार, दोनदा लागलेली ग्रॅच्युइटी. चूक असेल तर तेव्हाच काउंटरवर जा, उतरायच्या सकाळी तिथे उभे राहायलाही जागा नसते.