मदत हवी आहे: न्यूयॉर्कच्या आर्ट्स हायस्कूलमध्ये म्युझिकल थिएटरसाठी ऑडिशन, आणि लेकीच्या गळ्यातल्या हरकती

नमस्कार मंडळी,

मजकूर लांबणार आहे, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

आम्ही क्वीन्समध्ये राहतो. लेक आठवीत आहे. इथे हायस्कूल नववीपासून सुरू होतं आणि आठवीतच शहराच्या मायस्कूल्स या संकेतस्थळावरून अर्ज भरावा लागतो. पसंतीक्रमाने बारापर्यंत शाळा लिहिता येतात. कलाशाळा हव्या असतील तर त्यासोबत ऑडिशनचे व्हिडिओही चढवायचे. मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, म्हणजे आमच्या हातात जेमतेम सात आठवडे आहेत.

लेकीला म्युझिकल थिएटर शिकायचंय. सहावीत असताना शाळेच्या नाटकात ती मागच्या रांगेत गावकरी होती. एक ओळसुद्धा नव्हती तिला, पण तालमी संपेपर्यंत सगळ्यांचे संवाद, सगळ्यांची गाणी आणि कोण कुठून कुठे जातं तेही पाठ. तेव्हापासून दुसरं काही डोक्यात नाही. दोन वर्षं वाट पाहिली, उत्साह ओसरला नाही, म्हणून आता आम्हीही मनावर घेतलंय.

आता खरी अडचण. गाणं ती माझ्या आईकडे शिकलीये. आई सांगलीची. आईचे वडील एका नाटक कंपनीत ऑर्गनच्या साथीला असत, त्यामुळे घरात नाट्यसंगीत सतत कानावर. लेक सहा वर्षांची होती तेव्हापासून दर रविवारी सकाळी आमच्याकडे न्याहारी आणि तिकडे सांगलीत दिवेलागण, अशा वेळी दोघींचा व्हिडिओवर तास चालतो. अलंकार, थोडे राग, मग पदं. तिचा गळा फिरतो. मुरकी, खटका अशा स्वरांच्या छोट्या हरकती सहज येतात, मुद्दाम घ्याव्या लागत नाहीत.

गेल्या आठवड्यात तिने शाळेतल्या संगीतशिक्षिकेला ऑडिशनसाठी निवडलेलं इंग्रजी गाणं ऐकवलं. बाईंनी आवाजाचं कौतुक केलं आणि पुढे म्हणाल्या, की एकही स्वर स्थिर राहत नाही, सगळीकडे लाटा येतात, ऑडिशनआधी हे सगळं काढून टाकायला हवं. बाई चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लेक घरी आली, दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "आज्जीला सांगू नकोस हं." त्या रविवारी पोट दुखतंय म्हणून तिने तास चुकवला. सात वर्षांत पहिल्यांदा.

म्हणून विचारते. हे खरंच काढून टाकायचं असतं का? सात आठवड्यांत ते जमतं का? आणि काढलं तर परत येतं का? शिवाय म्युझिकल थिएटर शिकायला नक्की कोणत्या शाळा धराव्यात? आमच्या ओळखीत सगळ्यांना एकच नाव माहीत आहे, लागार्डिया. नवऱ्याची काळजी वेगळी आहे: चार वर्षं नाचगाण्यात गेली आणि पुढे तिचं मन बदललं तर गणित-विज्ञानाचं काय? त्याच्यासाठीही कुणी अनुभवाने सांगितलं तर बरं होईल.

प्रतिसाद: सबवेकर

ताई, आमचा मुलगा याच वाटेने गेलाय, म्हणून शाळांचं सांगतो.

लागार्डियाचं नाव मोठं आहे आणि ते योग्यच आहे. महापौर लागार्डियांनी १९३६ मध्ये संगीत आणि चित्रकलेची शाळा काढली, १९४८ मध्ये नाटक-नृत्याची वेगळी शाळा निघाली, आणि १९८४ पासून दोन्ही लिंकन सेंटरजवळच्या इमारतीत एकत्र आहेत. शहराच्या नऊ स्पेशलाइज्ड शाळांपैकी बाकी आठ लेखी परीक्षेवर घेतात, ही एकटी ऑडिशन आणि शाळेतले गुण बघते. तिचा अर्ज त्या बारा पसंतींच्या बाहेर असतो, म्हणजे तिथे प्रयत्न केल्याने यादीतली एक जागा वाया जात नाही. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पण तिथे म्युझिकल थिएटर या नावाने प्रवेश नाही. नाटक वेगळं, गायन वेगळं, नृत्य वेगळं. तुम्ही एकाहून जास्त विभागांसाठी ऑडिशन देऊ शकता, पण शिकायचं एकाच विभागात. गायनवाल्या मुलीचा बराच वेळ समूहगायन आणि अभिजात पाश्चात्त्य गाण्यात जाईल, नाटकवालीचा अभिनयात. वर्षाच्या म्युझिकलमध्ये उतरायला मिळू शकतं, पण त्यासाठी शाळेतच पुन्हा निवड होते, आणि तिथे स्पर्धा कसली असते ते सांगायला नको.

नाचणं, गाणं, अभिनय तिन्ही एकत्र शिकायचं असेल तर मॅनहॅटनमध्ये पूर्व ६७व्या रस्त्यावरची टॅलेंट अनलिमिटेड बघा. तिथे म्युझिकल थिएटर हाच एक विभाग आहे. शाळा लहान, नाव कमी ऐकलेलं, पण तुमच्या लेकीला जे हवंय ते तिथे सरळ मिळतं. तुम्ही क्वीन्समध्ये आहात तर अ‍ॅस्टोरियाची फ्रँक सिनात्रा स्कूलही बघाच. गायक टोनी बेनेट यांनी २००१ मध्ये उभी केलेली ही पब्लिक, म्हणजे इथली सरकारी शाळा आहे. तिथेही नाटक आणि गायन वेगळे विभाग आहेत. माझं मत विचाराल तर रोजचा प्रवास हा कारण म्हणून छोटा समजू नका. तालीम संध्याकाळी संपते, आणि जानेवारीत साडेसातला फलाटावर मूल एकटं उभं असतं.

दादांना सांगा, या पब्लिक शाळा आहेत. इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास सगळं पूर्ण असतं, राज्याच्या रीजंट्स परीक्षा इतरांसारख्याच द्याव्या लागतात, आणि फी नाही. कला त्याच्या जोडीला असते. त्यामुळे दिवस लांबतो आणि मूल दमतं, पण दारं बंद होत नाहीत. आमचा मुलगा नाटक विभागातून बाहेर पडला आणि आता नर्सिंग शिकतोय. पेशंटशी बोलायला त्याला कधी अवघड गेलं नाही.

प्रतिसाद: शुद्धमध्यम

मी न्यू जर्सीत गाणं शिकवते. किराणा घराण्याचं शिक्षण पुण्यात झालं, इथे येऊन पाश्चात्त्य पद्धतीचंही घेतलं, त्यामुळे तुमच्या लेकीच्या जागी मी स्वतः उभी राहिलेली आहे.

"काढून टाका" हा शब्द मला मान्य नाही. पण बाईंना जे ऐकू आलं ते खोटं नाही. आपण एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट दाखवतो, मींड घेतो, पोहोचल्यावर स्वराला हलकासा धक्का देतो. पाश्चात्त्य गाण्यात स्वर थेट पकडायचा असतो, सरळ धरायचा असतो, आणि शेवटाकडे वाटलं तर कंप सोडायचा. तिचा गळा आत्ता ठरवून हलत नाही, आपोआप हलतो. काम एवढंच, की हलवणं आणि न हलवणं दोन्ही तिच्या हातात यावं. सात आठवडे त्याला पुरतात. गळ्यात उतरलेलं कुठे जात नाही, निर्धास्त राहा.

रोज दहा मिनिटं हे करा. तंबोरा लावा आणि तिला फक्त सा-प-सा म्हणायला सांगा, मधली वाट न दाखवता, पायरीवर पाय ठेवावा तसं. मग इंग्रजी गाण्याची एक ओळ घ्या. आधी साधी बोला. मग एकाच स्वरावर बोला. मग चालीत म्हणा. ती बोलताना जिथे श्वास घेते तिथेच गाताना घेते का ते ऐका. आपली मुलं समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे बघून श्वास घेतात. इथे श्वास वाक्याच्या अर्थाप्रमाणे घ्यायचा असतो.

आता तिच्या बाजूच्या गोष्टी. ऑडिशनमध्ये १६ बारचा तुकडा मागतात तेव्हा इथली मुलं घाबरतात. चार मात्रांचे सोळा बार म्हणजे ६४ मात्रा, तीनतालाची चार आवर्तनं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत बत्तीस सेकंदांत संपतात. एवढ्यात गाणं मांडून मोकळं व्हायचं, हा हिशेब तिच्या अंगात आधीच आहे. दुसरं, नोटेशन पाहून गाणं. डो-रे-मी पद्धतीत डो सरकता असतो, अगदी आपल्या षड्जासारखा. बिलावल थाट म्हणजे त्यांचं मेजर स्केल. तिला सरगम येते म्हणजे निम्मं काम झालंय, उरलं ते पाच रेघा वाचणं आणि लयीच्या खुणा ओळखणं.

जपायचं कुठे, तर बेल्टमध्ये. छातीचा आवाज जोराने वर न्यायचा तो प्रकार. व्हिडिओ बघून मुलं ते करायला जातात आणि गळा बसतो. तेरा वर्षांच्या मुलीकडून कुठलाही शहाणा परीक्षक त्याची अपेक्षा करत नाही. तिच्या वयाच्या पात्राचं गाणं निवडा आणि तिला सोयीच्या पट्टीत घ्या.

प्रतिसाद: आठवणीतले प्रयोग

मी पुण्यात हौशी संगीत नाटकं करतो. अमेरिकेतल्या शाळांबद्दल काही सांगू शकत नाही, पण एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते.

लेकीला कुणीतरी सांगा, की आजी शिकवते ते आणि तिला शिकायचंय ते, ही भांडणारी घरं नाहीत. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगमंचावर आलं, दोन वर्षांनी 'सौभद्र'. त्यातली पदं संवादाचाच भाग आहेत. रुसणं, विचारणं, टोमणा मारणं, सगळं पदातून होतं. पुढे गायकी वाढली, वन्समोअर वाढले, एकेक पद अर्धा तास रंगू लागलं. ती मैफल मलाही प्रिय आहे, पण पदाचं मूळ काम पात्राच्या तोंडचं बोलणं हेच. तुमची लेक इंग्रजी गाण्यात जे करू बघतेय ते तेच मूळ काम आहे.

आजीपासून लपवू नका. सांगलीची आहेत त्या. मराठी नाटकाची सुरुवात करणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या गावात वाढलेल्या बाईला नाटकातलं गाणं म्हणजे काय ते आपण का सांगायचं? त्यांनाच विचारा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. शेवटचा प्रतिसाद वाचून मी आईला फोन केला. लेकीला आधी विचारलं, ती रडली, मग "कर" म्हणाली.

आईने सगळं ऐकून घेतलं. तिला वाईट वाटेल अशी माझी तयारी होती. ती म्हणाली, "अगं, पण मी तिला पद आधी बोलून घ्यायला कुठे शिकवलं? माझीच चूक." तिच्या वडिलांच्या कंपनीत म्हणे नवीन मुलाला महिनाभर पद गाऊच देत नसत. ऑर्गन बंद, नुसतं बोलायचं, समोरच्या नटाकडे बघून. शब्द कळले की मग सूर. आईला हे माहीत होतं, पण नातीला शिकवताना गाणंच पुढे आलं, नाटक राहून गेलं. समोर नाटक नव्हतंच ना, नुसता फोनचा पडदा.

या रविवारी तास झाला. आईला इंग्रजी गाण्यातलं फारसं कळत नाही, म्हणून लेकीने प्रत्येक ओळीचा मराठीत अर्थ सांगितला. गाणं घर सोडून जाऊ पाहणाऱ्या मुलीचं आहे. आई विचारत राहिली: ही कुणाला सांगतेय? तो ऐकतोय का? नाही ऐकलं तर काय करेल? लेकीने उत्तरं दिली आणि मग गाणं म्हटलं. जवळपास सगळे स्वर सरळ लागले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. फक्त एका जागी, "आई" या अर्थाचा शब्द येतो तिथे, छोटीशी मुरकी आली. आई म्हणाली, "ती राहू दे." मला कळेना ठेवावी की नाही. शुद्धमध्यम ताई, तुम्हाला काय वाटतं?

शाळांचं ठरलंय. टॅलेंट अनलिमिटेडचं म्युझिकल थिएटर पहिलं, मग सिनात्राचं नाटक, आणि लागार्डियाला नाटक व गायन दोन्हींसाठी प्रयत्न. नवरा रीजंट्सचं ऐकून बराच शांत झालाय, शनिवारी व्हिडिओ तोच घेणार आहे.

प्रतिसाद: शुद्धमध्यम

ठेवा. एकच आहे आणि शब्दासाठी आलीये, तर ती अभिनयाचा भाग आहे. दहा असत्या तर सवय म्हटली असती.

व्हिडिओचं थोडं: फोन आडवा, स्टँडवर, मागे साधी भिंत. गाणाऱ्याचा आवाज नसलेला साथीचा ट्रॅक वापरा, आणि तो स्पीकर फोनपासून दूर ठेवा, नाहीतर साथ मोठी आणि लेक लहान ऐकू येते. नजर लेन्सच्या जराशी वर, तिथे कुणीतरी उभं आहे असं धरून. जोडकाम करू नका, एक सलग टेक द्या. प्रत्येक शाळेच्या अटी पुन्हा वाचा, वेळमर्यादा वेगळी असू शकते.

नाच मागितला तर? तिने काही शिकलंय का?

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोन वर्षं भरतनाट्यम. तीच पुढची अडचण. तिचे गुडघे आपोआप अरमंडीत, म्हणजे अर्ध्या बैठकीत जातात, वजन खाली जातं, आणि इथल्या नाचाच्या वर्गात सगळे ताठ, वर उचललेले. क्वीन्समध्ये महिन्या-दीड महिन्यासाठी शनिवार-रविवारी जॅझची तोंडओळख करून देणारं कुणी माहीत आहे का? ट्रेन ७ किंवा आर मार्गावर असेल तर उत्तम. आणि साथीचा ट्रॅक तिच्या पट्टीपेक्षा एक स्वर वर आहे. तो खाली उतरवून घ्यावा, की पियानोवाला गाठावा?