सुया कोऱ्या मिळतात, तरी हेपटायटिस सी का थांबत नाही?

फील्डवरून
आमचा टीआय प्रकल्प (एचआयव्हीचा जास्त धोका असलेल्यांसाठीचा), सगळे टोचून नशा करणारे. सुई-सिरिंजचा हिशेब दर महिन्याला जुळतो, एचआयव्हीचे नवे पेशंट जवळपास नाहीत. हेपटायटिस सीच्या रॅपिड टेस्टला रिअ‍ॅक्टिव्ह (म्हणजे पॉझिटिव्ह) येणाऱ्यांचा आकडा मात्र उतरत नाही. मुलं छातीठोकपणे सांगतात, "सुई शेअर करत नाही." खोटं बोलतात असं वाटत नाही. मग विषाणू शिरतो कुठून?

सुईपलीकडे
खोटं बोलतच नाहीत, प्रश्न अपुरा आहे. असं विचारा: पाणी कोणाचं? पुडी विरघळवायचा चमचा किंवा झाकण किती जणांत? गाळायचा कापूस कोणाचा? तिघांनी पैसे काढून एक पुडी आणली की वाटणी सिरिंजवरच्या रेघा बघून होते. एकाची सिरिंज आधी वापरलेली असली आणि ती चमच्यात बुडाली, की उरलेल्या दोघांच्या कोऱ्या सुया फुकट. प्रयोगशाळेत सिरिंजमधल्या रक्तात सीचा विषाणू ६३ दिवसांनंतरही जिवंत सापडला आहे. ब्लीचने धुतली म्हणून भरवसा धरू नका, फार तर धोका कमी होतो.

एचआयव्ही का नाही? तुमची पॉझिटिव्ह मुलं बहुधा एआरटीवर (एचआयव्हीच्या औषधांवर) आहेत, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला आहे. सीचा उपचार न झालेला माणूस मात्र पसरवत राहतो.

साठा_रजिस्टर
सिरिंज कोणती देता तेही बघा. सुई वेगळी निघते त्या सिरिंजच्या तोंडाशी, दट्ट्या पूर्ण दाबला तरी, रक्त उरतं. सुई जोडलेल्या १ मिलीच्या इन्सुलिन सिरिंजमध्ये ते नगण्य. पण अ‍ॅव्हिल (अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन) मिसळून घेणाऱ्याचं १ मिलीत भागत नाही आणि जांघेत टोचणाऱ्याला ती सुई पुरत नाही. त्यांना जबरदस्तीने इन्सुलिनची दिलीत तर रजिस्टर जुळेल, ती मात्र कचऱ्यात जाईल.

हिशेबही तपासा. दिवसाला तीन वेळा टोचणाऱ्याला आठवड्याला २१ लागतात. सोमवारी १० देऊन "वाटप झालं" लिहिलं, तर गुरुवारपासून तो काय वापरतो?

लॅबची खिडकी
आकडा उतरत नाही याचं अर्धं कारण मोजणीत असेल. रॅपिड टेस्ट अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली) दाखवते आणि ती बरं झाल्यावरही राहते. काहींचा संसर्ग तर औषधाशिवाय आपोआप जातो, अँटिबॉडी तरी राहतेच. दर सहा महिन्यांनी त्याच माणसांना तपासून रिअ‍ॅक्टिव्ह मोजलेत तर आकडा कमी होणार कसा? मागच्या वेळी निगेटिव्ह होते त्यांपैकी आता किती रिअ‍ॅक्टिव्ह, हा आकडा काढा. एकदा रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्याची पुन्हा रॅपिड नको, थेट आरएनए (रक्तात विषाणूच आहे का, ही टेस्ट). तो सापडला तर राष्ट्रीय कार्यक्रमात औषधं फुकट आहेत. सिरोसिस (यकृत कायमचं खराब होणं) नसेल तर साधारणपणे सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर १२ आठवडे. संपल्यावर आणखी १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए. बरा झालेला परत पकडू शकतो, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा.

समुपदेशक_ताई
सगळे सीच्या मागे लागलात, हेपटायटिस बी कोण बघणार? बी सुईतून आणि संभोगातून, दोन्हीकडून जातो. स्त्री-पुरुष जोडप्यात सी संभोगातून क्वचित जातो, बी सहज. एचबीएसएजी (बीची रक्ततपासणी) निगेटिव्ह असेल त्याला आणि जोडीदाराला लस द्या. ०-१-६ महिन्यांच्या वेळापत्रकात तिसऱ्या डोसपर्यंत निम्मे गायब होतात. ०-७-२१ दिवस आणि मग १२ महिन्यांनी बूस्टर, हे वेळापत्रक ओएसटी सेंटरवर (टोचण्याऐवजी पर्यायी औषध देतात तिथे) जास्त जमतं, कारण गोळीसाठी ती माणसं रोज येतातच.

फील्डवरून
पाण्याचं पटलं, तेच सगळे एका बाटलीतून घेतात. निर्जंतुक पाण्याच्या अ‍ॅम्प्युल मागवू का? १० मिलीच्या स्वस्त पडतील.

साठा_रजिस्टर
१० च्या नकोत. उरलेलं पाणी शेजारच्याला देतील. ५ च्या घ्या, २ च्या मिळाल्या तर त्याहून बऱ्या. सुई जितक्या, अ‍ॅम्प्युल तितक्या.