मदत हवी आहे: सत्तरी ओलांडलेल्या अण्णांना ताबोचा मठ निवांत दाखवायचा आहे

पैठणी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, आज गरज पडली म्हणून लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझे वडील, अण्णा, वय ७१. आयुष्यभर सिल्लोड तालुक्यात चित्रकला शिक्षक होते. अजिंठा जवळच, त्यामुळे दरवर्षी शाळेची सहल ठरलेली. लेण्यात अंधार, बॅटरीचे सेल महाग. अण्णा जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण घेऊन एका पोराला दारात उन्हात उभं करायचे आणि कवडसा बरोबर भिंतीवर पाडायला लावायचे. मीसुद्धा उभी राहिलेय. हात भरून यायचा आणि आतून आवाज यायचा, "हलू नको गं, पद्मपाणीचा डोळा गेला!"

तर मुद्दा असा. हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातल्या ताबो या बौद्ध मठाला 'हिमालयातलं अजिंठा' म्हणतात हे अण्णांनी कधीतरी वाचलं. तेव्हापासून मासिकातून कापलेला तिथल्या एका निळ्या मूर्तीचा फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. त्याला आता वीसेक वर्षं झाली. तोंडाने कधी म्हणाले नाहीत की मला न्या. गेल्या महिन्यात कपाट रंगवायला काढलं तेव्हा मात्र सुतारावर ओरडले, तो कागद फाडू नको म्हणून. मग मीच ठरवलं.

भावाने एका टूरवाल्याचं पॅकेज आणलं. दिल्ली ते दिल्ली सात रात्री, मनालीकडून आत शिरायचं, शिमल्याकडून बाहेर पडायचं. त्यात ताबोसमोर लिहिलंय 'फोटो स्टॉप, ४५ मिनिटं'. अण्णा अजिंठ्यात एका खांबापाशी ४५ मिनिटं काढतात हो.

दुसरी भीती उंचीची. चार वर्षांपूर्वी आम्ही केदारनाथला गेलो होतो. सकाळी गौरीकुंडहून घोड्यावर बसलो, संध्याकाळी वर. रात्री अण्णांचं डोकं ठणकायला लागलं, दोनदा उलटी झाली, झोप अशी नाहीच. खाली उतरल्यावर दोन तासांत माणूस ठणठणीत. बीपीची एक गोळी रोज असते. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालीत. गुडघे उत्तम, रोज दोन किलोमीटर चालतात. साखर नाही.

कोणत्या बाजूने जावं, किती दिवस काढावेत, मठात आत प्रत्यक्ष किती वेळ बसू देतात, उजेड कितपत असतो? जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज. सप्टेंबरचा विचार आहे.

घाटवाट

ताई, सगळ्यात आधी ते पॅकेज परत करा. मनालीकडून आत शिरायचं म्हणजे एकाच दिवसात कुंझुम खिंड, ती साडेचार हजार मीटरच्या वर. अण्णांचं केदारनाथ साधारण ३,५८० मीटर. म्हणजे जिथे त्रास झाला त्याच्याही हजार मीटर वर आणि तेही पहिल्याच मुक्कामानंतर. धडधाकट पोरं आडवी होतात तिथे. शिवाय कुंझुम बर्फामुळे वर्षातले कितीतरी महिने बंदच असतं.

शिमल्याकडून जा आणि त्याच वाटेने परत या. स्पितीची चक्कर पूर्ण करायचा अट्टहास सोडा, तुम्हाला बिल्ला मिळवायचा नाहीये. तुम्ही संभाजीनगरकडच्या, तर सचखंड एक्स्प्रेस सरळ अंबाल्याला सोडते. तिथून गाडी करून शिमला. दुसरा मुक्काम सराहन, तेही शिमल्याइतक्याच उंचीचं, बावीसशे मीटरच्या आसपास. तिसरा कल्पा, साधारण २,९००. इथे दोन रात्री काढाच. समोर किन्नर कैलास आणि हातात सफरचंद, अण्णा स्केचबुक काढून बसतील, तुम्हाला काही करावं लागणार नाही.

कल्प्याहून ताबो दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, पण आपल्याकडचे दीडशे नव्हेत. सहा-सात तास धरा. खाबला सतलजमध्ये स्पिती नदी मिळते, तिथून पुढे डोंगरावरचं झाड जवळजवळ संपतंच. वाटेत नाको लागेल, ३,६०० च्या वर. तिथला मठही जुना आहे, मातीच्या मूर्ती आहेत, अण्णांना तासभर दाखवा, पण झोपायला थांबू नका. ताबो त्याच्यापेक्षा खाली आहे, ३,२८० च्या आसपास. वर चढून खाली झोपायचं, हे त्या रस्त्यात आपोआप साधतं.

जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरच्या रस्त्यावर दरडी येतात. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा उत्तम. तरी एक दिवस जादाचा ठेवा, रस्ता कधी अडेल सांगता येत नाही. रोख पैसे जवळ हवेत, मोबाईलच्या रेंजच्या भरवशावर पैसे भरायला जाऊ नका. भारतीयांना परवाना लागत नाही, पण ओळखपत्र खिशात असू द्या, वाटेत तपासणी होते.

निवांत

तो फोटो स्टॉप भारी आहे. मुख्य मंदिरात फोटो काढायला बंदी आहे. ४५ मिनिटं कसले फोटो काढणार, चपलांच्या ढिगाचे?

लोणचं_पुराण

ताबोच कशाला? लडाखमधला आल्चीचा मठ बघा. तिथली सुमत्सेकची तीन मजली वास्तू, आत उभे प्रचंड बोधिसत्त्व आणि त्यांच्या धोतरांवर रंगवलेली बारीक चित्रं. विमानाने लेह, तिथून साठ-सत्तर किलोमीटर. दोन दिवसांत काम फत्ते.

घाटवाट

@लोणचं_पुराण, आल्ची अप्रतिमच आहे, वाद नाही. पण विमानाने उतरणार ३,५०० मीटरवर, आदल्या रात्री समुद्रसपाटीच्या जवळपास झोपलेला माणूस. आल्ची लेहपेक्षा खाली आहे हे खरं, उतरल्या उतरल्या तिकडे जाऊन झोपलं तर जरा बरं. तरी केदारनाथचा अनुभव असताना मी ही जोखीम घेणार नाही. आणि फोटो ताबोचा चिकटवलाय ना कपाटात!

काढा_किंग

मी डॉक्टर नाही, बायको आहे. तिला विचारून लिहितोय, त्यामुळे तिच्याच शब्दांत.

केदारनाथला झालं ते उंचीमुळेच झालं असणार, आणि एकदा झालं की पुन्हा होण्याची शक्यता जास्त. म्हणून जायचंच नाही असं नव्हे, हळू जायचं. तीन हजारांच्या वर गेल्यावर एका रात्रीत झोपायची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. घाटवाट यांचा बेत त्यात बसतो. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी लोक खडीसाखरेसारखी वाटतात, तसं करू नका. ती लघवी वाढवणारी आहे आणि बीपीच्या काही गोळ्याही तेच काम करतात. त्यामुळे अण्णांची चालू गोळी घेऊन त्यांच्याच डॉक्टरांना दाखवा, ईसीजी वगैरे काय सांगतील ते करून घ्या.

डोकं दुखलं, मळमळलं तर त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, चालताना झोकांडी गेली किंवा बोलणं असंबद्ध वाटलं, तर रात्र असो की पहाट, खाली उतरायचं. सकाळपर्यंत वाट बघू म्हणायचं नाही. ऑक्सिजनचे छोटे डबे मनाच्या समाधानापुरते, काही मिनिटांत संपतात.

तिचं शेवटचं वाक्य: म्हातारी माणसं त्रास लपवतात, विशेषतः मुलीने रजा काढून आणलेलं असलं की. त्यामुळे "बरं वाटतंय का?" विचारू नका, "रात्री किती वेळा जाग आली?" असं विचारा.

पैठणी

काढा_किंग, वहिनींना माझा नमस्कार सांगा. ते लपवण्याचं अगदी बरोबर ओळखलंय. केदारनाथला उलटी झाली ती मला सकाळी हॉटेलच्या पोराकडून कळली.

आता मठाच्या आतलं कोणी सांगाल का? उजेडाचं?

भटकभवानी

उशिरा आले धाग्यावर. मी ताबोला चार दिवस राहिलेय, त्यामुळे आतलं मी सांगते.

आधी बाहेरून सांगते, कारण निराशा होते. बर्फाच्छादित कड्यावरचा रंगीत मठ डोळ्यांसमोर असेल तर तो स्पितीतलाच 'की' नावाचा मठ किंवा धनकरचा. ताबो सपाटीवर आहे, मातीच्या कुंपणभिंतीत मातीची बुटकी घरं, वर माळवद. हो, आपल्या मराठवाड्यातलं माळवद! अण्णांना ते बघून घरच्यासारखं वाटेल. ९९६ साली बांधलंय, पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याच्या राजघराण्यातल्या येशे-ओने. रिन्चेन झांगपो या भाषांतरकाराचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. ४६ वर्षांनी, १०४२ मध्ये, डागडुजी झाली, तसा लेखच आत भिंतीवर आहे. १९७५ च्या किन्नौर भूकंपात मार बसला. १९८३ मध्ये शेजारी नवं सभागृह बांधलं, रोजची पूजा तिथे चालते. तिथे थबकून "हेच का ते?" म्हणणारे बरेच असतात. ते नव्हे. जुनं मागे आहे.

जुन्याचं दार बुटकं. आधी एक बाहेरची खोली, मग मुख्य दालन. बाहेर स्पितीचं पांढरंफेक ऊन असतं आणि आत शिरताच काहीही दिसत नाही. अक्षरशः काही नाही. बहुतेक लोक इथेच चुकतात, दोन मिनिटं चाचपडतात आणि बाहेर पडतात. मी भिंतीला टेकले नाही (टेकू नका, चित्रं आहेत), मधे खाली बसले. दहा मिनिटांनी डोक्याच्या वरच्या पातळीला एक पाय दिसला. मग कमळ. मग एक चेहरा, मग त्याच्या शेजारी दुसरा. भिंतीतून बाहेर आलेल्या मातीच्या मूर्ती आहेत त्या, जवळजवळ माणसाएवढ्या, चारी बाजूंनी मिळून ३२. कुणी निळी, कुणी पांढरी, कुणी लाल. समोर वैरोचन बुद्ध, चार अंगं पाठीला पाठ लावून चार दिशांना बघणारी. म्हणजे ते दालन हेच एक मंडल (मधे मुख्य देवता, भोवती बाकीच्या, अशी मांडणी) आहे आणि आपण त्याच्या पोटात बसलेले असतो. कागदावरचं मंडल बघून हे कळत नाही.

मूर्तींच्या खाली चित्रांची पट्टी. दक्षिणेच्या भिंतीवर सुधनाची गोष्ट: हा पोरगा ज्ञान मिळवायला पन्नासाहून अधिक गुरूंकडे फिरतो, त्यात भिक्षू आहेत तसे व्यापारी, राजे, बायकाही. उत्तरेच्या भिंतीवर बुद्धचरित्र. अण्णा इथे रमणार, कारण कपड्यांवरची नक्षी, दागिने, घरांची छपरं यात काश्मिरी कारागिरांचा हात स्पष्ट दिसतो. अजिंठ्यातली शेवटची मोठी चित्रं आणि ही यांत पाचेकशे वर्षांचं अंतर, पण डोळ्यांचा आणि बोटांचा वळसा ओळखीचा वाटतो. मला तरी वाटला. अण्णा सांगतील खरं काय ते. मागे गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेची चिंचोळी वाट आहे, तीही रंगवलेली. डावीकडून सुरू करायचं, आपल्यासारखंच.

आवारात एकूण नऊ मंदिरं, पण बरीच कुलूपबंद असतात. किल्ली लामांकडे. पहिल्या दिवशी कुणी फारसं लक्ष देत नाही. दुसऱ्या दिवशी तोच म्हातारा माणूस परत आलेला दिसला की ते स्वतःहून किल्ल्यांचा जुडगा काढतात. मैत्रेयाचं, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचं, मंदिर आणि सोनेरी मंदिर म्हणतात ते, ही दोन मागून घ्या. म्हणून म्हणते, तीन रात्री ताबोलाच राहा. मठाचं स्वतःचं अतिथिगृह आहे, गावात घरगुती सोयही होते.

आता उजेड. छपराच्या मध्यभागी एक झरोका आहे, तेवढाच. आधी बाहेरची खोली असल्याने दारातून ऊन आत पोचत नाही. त्यामुळे स्टीलचं झाकण घरीच ठेवा म्हणावं! पिवळसर, मंद उजेडाची छोटी बॅटरी न्या, लामांना विचारून वापरा, रंगाच्या अगदी जवळ धरू नका. कागद-पेन्सिल चालते का हेही आधी विचारा. मला कुणी हटकलं नाही, पण मी परवानगी घेतली होती.

धनकर तीस-पस्तीस किलोमीटरवर, तिसऱ्या दिवशी गाडीने जाऊन या. ३,९०० च्या आसपास उंची आहे, दोन तास बघून परत खाली झोपायला. जुन्या मठाचे जिने अरुंद आहेत, अण्णा खालून कड्याचं स्केच करतील तर जास्त बरं. वाटेवरच्या ग्यू गावातली लामाची ममी मात्र वगळा, त्यात चित्रकाराला काही नाही. माझं मत.

निवांत

भटकभवानी, एवढं लिहून ठेवलंय तर स्वतंत्र लेखच टाका की.

पैठणी

काय बोलू, दोनदा वाचलं. पॅकेजवाल्याला नाही म्हणून कळवलं. भाऊ जरा फुगलाय, होईल ठीक. बेत असा: सचखंडने अंबाला, शिमला एक, सराहन एक, कल्पा दोन, ताबो तीन, मग त्याच वाटेने परत, वर एक दिवस राखीव. पुढे काझाला, स्पितीतल्या मुख्य गावाला, जाणारच नाही. डॉक्टरांची वेळ सोमवारची घेतलीय.

काल रात्री अण्णांना सांगितलं. धाग्यातला आतल्या दालनाचा भाग मोठ्याने वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. चष्मा पुसला, माळवदाचं पुन्हा वाचायला लावलं. मग झोपायला जाताना दारातून विचारलं, "खाली बसायचं म्हणतायत, तर सतरंजी आपण न्यायची का?"

भटकभवानी, न्यायची का?

भटकभवानी

न्या. जाडशी न्या, नाहीतर घोंगडीच न्या. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि जमीन सप्टेंबरातही बर्फासारखी गार असते. लोकरी मोजे दोन जोड, एकावर एक.