गाडीला अपघात झाल्यावर तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

मागच्या महिन्यात खंबाटकी घाट उतरल्यावर टेम्पोने भावाच्या गाडीला मागून धडक दिली. कोणाला लागलं नाही, पण गाडी हलवायची की नाही, आधी फोन कुणाला करायचा, काहीच सुचेना. तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा काय केलंत, काय राहून गेलं, ते लिहा. चूक कुणाची हा वाद इथे नको.

---

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, जुलैतला पाऊस, रात्रीचे साडेनऊ. मागून ठोकर बसली आणि आम्ही चौघं उतरून बंपर बघत गाडीमागेच उभे राहिलो. एक ट्रकवाले काका थांबून ओरडले, "आधी कठड्यापलीकडे व्हा, गाडी नंतर बघा!" पलीकडे झालो आणि दोनेक मिनिटांत दुसरी गाडी आमच्या गाडीवर येऊन आदळली. आई उभी होती नेमकी तिथेच. काकांचं नाव विचारायचंही राहिलं. त्या दिवसापासून बंद गाडीमागे रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण डिकीत सामानाच्या वर ठेवतो. पोलिसांना ११२, रुग्णवाहिकेला १०८. पोरांनाही पाठ करून घेतलेत.

---

पैशांचं सांगते. समोरून ठोकलं होतं, पण गाडी चालू होत होती म्हणून तशीच साताऱ्यापर्यंत आणली. रेडिएटर फुटला होता, सगळं पाणी वाटेत गळून गेलं आणि इंजिन जाम झालं. विम्यात बंपर-बॉनेटचे पैसे मिळाले, इंजिनचे नाहीत. नंतर चालवल्यामुळे झालेलं नुकसान धरत नाहीत. टोइंग करून आणली असती तर वाचलो असतो. आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला पान्हा लावू देऊ नका. फोटो जागेवरच काढा, दोन्ही नंबरप्लेट आणि रस्ता दिसेल असे.

---

आमची चूक कोणी करू नये म्हणून लिहितोय. बाबांना कारने उडवलं, मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात पोलिसांची झंझट नको म्हणून मामांनी "घसरून पडले" असं सांगितलं आणि केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. कारवाल्याने हातावर दहा हजार ठेवले, आम्ही घेतले. पुढे दुसरं ऑपरेशन निघालं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं ठरलं, तर वकिलांनी पहिला प्रश्न केला, "एमएलसी कुठाय?" (म्हणजे अपघाताची केस म्हणून दवाखान्याने पोलिसांसाठी केलेली नोंद.) अपघात असेल तर डॉक्टरांना अपघातच सांगा आणि पोलिसांत नोंद करा. दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे, एप्रिल २०२२ पासून. आमचे चार महिने प्लॅस्टर आणि फिजिओथेरपीतच गेले होते.

---

वरच्या प्रतिसादातली पोलिसांची भीती मलाही होती. तरी रस्त्यावर पडलेल्या एका मुलाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आहे. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हेही त्यानेच ठरवायचं. मी नाव दिलं, माझ्या मर्जीने. पुढे एकदाच फोन आला, तोही त्या मुलाच्या आईचा.

---

मला जागेवर काहीच दुखलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळेना. म्हणून सांगते, लागलं नाही असं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. स्टिअरिंगला हात लावायला मात्र तीन महिने लागले. नवरा रोज संध्याकाळी शेजारी बसायचा, सोसायटीच्या आवारात एकच फेरी, मग गेटपर्यंत. अजून हायवेला गेले नाहीये.