सुपीरियर सरोवरात शिडाच्या होडीवर दहा दिवस: तयारी काय करावी?

मिनियापोलिसकर:
येत्या जुलैत विस्कॉन्सिनमधील बेफील्ड बंदरातून ३४ फुटी शिडाची होडी भाड्याने घेऊन अपॉसल बेटांमध्ये दहा दिवस राहण्याचा विचार आहे. आजवर मी लहान तळ्यांवरच शीड हाताळले आहे. सोबत आई-बाबा असतील. बाबा मालवणचे असल्यामुळे "तळ्याला कसले घाबरायचे?" असे त्यांचे म्हणणे आहे. सभोवार गोडे पाणी असताना पिण्याचे पाणी न्यावे लागते का आणि नांगर कोठे टाकावा, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तरवारा:
आपल्या बाबांना सांगावे की या 'तळ्या'चे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर आणि सर्वाधिक खोली ४०६ मीटर आहे. १० नोव्हेंबर १९७५ रोजी २२२ मीटर लांबीचे 'एडमंड फिट्झगेराल्ड' हे मालवाहू जहाज येथेच २९ जणांसह बुडाले. जुलैत तसे वादळ सहसा होत नाही. परंतु येथील लाटा समुद्राच्या मानाने आखूड आणि उभ्या असल्यामुळे होडी आपटत चालते, आणि बाहेरचे खोल पाणी भर उन्हाळ्यातही इतके थंड असते की पडलेल्या माणसाचे हातपाय थोड्याच वेळात कामातून जातात. म्हणून जीवरक्षक जाकीट अंगावरच असावे, पेटीत नव्हे.

मुक्कामासाठी स्टॉकटन बेट पाहावे. पश्चिमेचा वारा असेल तर पूर्वेकडील ज्युलियन बे आणि पूर्वेचा असेल तर पलीकडील प्रेस्क आइल बे, असा निवारा मिळतो. मात्र रात्री वारा फिरला, तर अंधारात नांगर उचलण्याची तयारी हवी. त्या बेटावर काळी अस्वले आहेत. खाण्याचे डबे किनाऱ्यावर सोडू नयेत.

गोड्यापाण्यातली:
पाणी भरूनच न्यावे; सरोवराचे पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळून किंवा गाळूनच प्यावे. शौचालयाचे सांडपाणी सरोवरात सोडण्यास मनाई असल्यामुळे ते टाकीत साठवून धक्क्यावर उपसून घ्यावे लागते. चार माणसांत ती टाकी आपल्या अंदाजाआधीच भरते, हे मी लाजत लाजत सांगते!

होडीचा तळ पाण्याइतकाच गार राहत असल्याने फळीखाली ठेवलेले लोणी आमच्याकडे बर्फाशिवाय चार दिवस घट्ट राहिले. त्याच गारव्यामुळे सकाळी गादी उचलली की खाली पाणी सुटलेले असते. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी अंथरावी. दक्षिणेचा वारा सुटला की चावऱ्या माश्या मोज्यांतूनही घोट्यांना डसतात. त्यावर मला अजून तरी जाड विजारीखेरीज उपाय सापडलेला नाही.

मिनियापोलिसकर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. जाकिटाचे बाबांनी ऐकले. आता त्यांचा एकच प्रश्न उरला आहे: मासे मिळतील का?

गोड्यापाण्यातली:
बेफील्डमध्ये ताजा व्हाइटफिश मिळतो, आणि त्याची कलेजी ही तेथील खासियत आहे. स्वतः गळ टाकायचा असल्यास परवाना काढावा. कोकम मात्र घरूनच न्यावे.