मदत हवी आहे: काउंटरवर माणूस की ऑर्डरचं मशीन?

मंडळी, नाशिकला आमचं वडापाव, मिसळ, सँडविचचं सेल्फ सर्विस दुकान आहे. संध्याकाळी काउंटरवर ही झुंबड, म्हणून भाऊ म्हणतोय मॅकडोनाल्ड्ससारखं टचस्क्रीनवालं मशीन बसवू, गिऱ्हाईक स्वतःच ऑर्डर देईल, स्क्रीनवरचा क्यूआर स्कॅन करून यूपीआयने पैसे भरेल आणि आत किचनमध्ये आपोआप केओटी (ऑर्डरची चिठ्ठी) निघेल. ऐकायला झकास आहे, पण कॅलिफोर्नियात एप्रिल २०२४ पासून मोठ्या फास्ट फूड चेनवाल्यांना तासाला किमान २० डॉलर पगार द्यावा लागतो, त्यांना मशीन परवडत असेल, आपल्याकडच्या पगारात ते कधी वसूल होणार?

शिवाय आमचं अर्धं गिऱ्हाईक "दादा, एक मिसळ, तर्री कमी, पाव जास्त" असंच सांगणार, हे स्क्रीनवर कुठे दाबायचं? रोख देणाऱ्या आजोबांसाठी तर माणूस लागणारच ना.

कोणी छोट्या दुकानात बसवलंय का? मराठी मेनू नीट दिसतो का, लाइट किंवा नेट गेलं की काय करता, आणि वर्षाचं सॉफ्टवेअर भाडं वेगळं पडतं का? नुसते टेबलावर क्यूआर चिकटवून भागेल का? काउंटरवरचा पोरगा काढायचा नाहीये, त्याला पार्सलला घ्यायचंय. विकणाऱ्यांनी प्लीज इनबॉक्समध्ये येऊ नका, वापरणाऱ्यांनीच सांगा.