मदत हवी आहे: कूल शर्टचं पाणी रेस संपण्याआधीच कोमट होतं

चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, बंद सलून गाडी, अंगात तीन थरांचा आगरोधक नोमेक्स सूट. कूल शर्टला, म्हणजे नळ्यांतून बर्फाचं पाणी फिरवून अंग गार ठेवणाऱ्या शर्टला, 12 लिटरचा बर्फाचा डबा आणि 12 व्होल्टचा पंप आहे. दहा मिनिटं छाती गार राहते, मग नळ्यांत कोमट पाणी. त्यापेक्षा शर्ट नसलेलाच बरा! डब्यात मात्र निम्मा बर्फ शिल्लक आणि पंपाचा आवाज चालूच. म्हणजे प्रवाह अडतोय.

बेल्ट आवळल्यावर खांद्यापाशी नळी चेपत नाही, हे तपासलंय. लांब वळणावर पाणी एका बाजूला जाऊन पंप हवा ओढत असेल का? की बर्फाचा चुरा गोठून सक्शनचं तोंड बुजतं? चुऱ्याऐवजी लादीचे मोठे तुकडे कुणी वापरलेत का? डबा एक्झॉस्टच्या वरच आहे. तो हलवावा, की नळ्यांना फोम पुरेल?